पुठ्ठ्याचे एटीएम



या पानावर आम्ही दर अंकात निकाल, स्नेहसंमेलन, नव्या वर्गखोल्या यांविषयी लिहितो. या वेळी एका यंत्राविषयी आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहायचे आहे. ज्या कुटुंबाची ही हकिकत आहे त्यांना मजकूर छापण्याआधी वाचून दाखवला. आजींनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत. नावे कोणाचीच दिलेली नाहीत.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात प्रार्थनेनंतर आम्ही मुलांशी बोललो. सुट्टीभर मोबाईल पुष्कळ झाला, आता तीच हुशारी घरच्या वडीलधाऱ्यांच्या कामी येऊ द्या, असे काहीसे बोलणे होते. ओघात आम्ही हेही म्हणालो की आजी-आजोबांना एटीएमपुढे ताटकळत उभे राहावे लागू नये, ते काम तुम्ही अंगावर घ्या. टाळ्या झाल्या. प्रार्थनेच्या मैदानावर टाळ्या मिळाल्या की आपण बरोबर बोललो असे आम्हाला नेहमीच वाटते. आठवीतल्या एका मुलाने ते बोलणे मनावर घेतले.

त्याच्या आजोबांच्या पश्चात आजींना कुटुंब पेन्शन मिळते. पहिल्या तारखेला ती खात्यात येते आणि आजी पाच हजार रुपये काढून आणतात. आजी लग्न होऊन साताऱ्याकडून इंदुरात आल्या त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. भाजीवाल्याशी त्या फर्ड्या हिंदीत भांडतात, पण यंत्रावरची हिंदी निराळी. पहिल्याच वेळी यंत्राने विचारले, "बचत खाता या चालू खाता?" आजींनी चालू दाबले. "आपलं खातं चालूच आहे की, बंद कुठं झालंय?" हा त्यांचा प्रश्न आम्हाला आजही बिनतोड वाटतो. पुढच्या वेळी बचत दाबले तर यंत्र म्हणाले, "कृपया राशि दर्ज करें." आजींची रास सिंह. ती कुठे दाबायची ते त्या मागच्या माणसाला विचारू लागल्या आणि रांगेत हशा पिकला. तेव्हापासून त्यांनी एटीएमचा धसकाच घेतला.

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे 'आहरण' म्हणजे पैसे काढणे, 'शेष' म्हणजे शिल्लक आणि 'राशि' म्हणजे रक्कम हे आम्हाला कधी कोणाला विचारावे लागले नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याला ते अडत असेल हे ध्यानातही आले नाही. इंदूर, ग्वाल्हेर, देवासच्या कितीतरी मराठी घरांत अशा आजी आहेत. लिपी ओळखीची, अक्षर न् अक्षर वाचता येते आणि अर्थ मात्र भलताच लागतो. अजिबात वाचता न येणारा माणूस निदान विचारतो तरी. असो.

नातू म्हणाला, "आजी, मी जातो. मोठ्या बाईंनी सांगितलंय." आजींनी चार आकडे त्याच्या कानात सांगितले आणि बजावले, कोणी आले तर बोलू नकोस, कार्ड कोणाच्या हातात देऊ नकोस. जुलैत तो गेला, पैसे आणले. ऑगस्टमध्येही आणले. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला आजी गेल्या आठवड्यातल्या गुडघ्याच्या इंजेक्शनमुळे झोपून होत्या, म्हणून पासबुक भरून आणायचेही राहिले. त्या दिवशीही तो पाच हजार घेऊन घरी आला. सगळे नेहमीसारखेच वाटले.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला यंत्र पिन घेईना. तीनदा चुकीचा ठरल्यावर ते थांबले. वडील पीथमपूरला पाळीत काम करतात. त्यांनी सुट्टीच्या दिवशी पासबुक छापण्याच्या यंत्रात पासबुक भरून आणले. सप्टेंबरच्या दोन आणि तीन तारखेला चार वेळा मिळून ३२,००० रुपये निघाले होते. त्यांतले दोन व्यवहार आमच्या शाळेच्या रस्त्यावरच्या एटीएमचे.

कार्ड मुलाकडे, पिन मुलाला ठाऊक, यंत्र शाळेजवळचे. पिन चालत नाही, म्हणजे त्यानेच तो बदलला असणार. मोबाईलवरच्या खेळांत मुले पैसे घालवतात हे रोज कानावर येतच होते. वडिलांनी विचारले, मग ओरडले, मग हात उचलला. मुलगा एवढेच म्हणत राहिला, "मी घेतले नाहीत." आणखी काहीच बोलेना, आणि त्या न बोलण्यानेच संशय वाढला.

वडील त्याला घेऊन शाळेत आले. तेव्हा आम्ही काय करायला हवे होते ते आता पुष्कळ सुचते. त्या वेळी आम्ही वडिलांना खुर्ची दिली आणि मुलाला उभे ठेवले. "खरं सांग, कोणाच्या नादी लागलास?" असे विचारले. प्रश्नातच उत्तर धरून चाललो होतो. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. नऊ दिवस आला नाही.

आमच्या विश्वस्तांमध्ये एक गृहस्थ जुन्या इंदूर बँकेतून निवृत्त झालेले आहेत. नव्या पालकांना हे नाव ठाऊक नसेल. होळकर संस्थानच्या काळात, १९२० साली निघालेली ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ इंदौर झाली आणि २०१० साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्या लहानपणी वडिलांबरोबर बँकेत गेले की पितळेचे गोल टोकन हातात मिळे. जाळीमागून रोखपाल नंबर पुकारी आणि नोटा देण्याआधी चेहऱ्याकडे बघून, "क्यों मास्साब, सब ठीक?" असे विचारी. त्या विचारण्यातच ओळख पटवणे होऊन जाई हे आम्हाला फार उशिरा कळले. यंत्राला चेहरा कळत नाही. त्याला कार्ड आणि चार आकडे एवढेच कळते.

मंडळाच्या बैठकीनंतर हा विषय निघाला. त्या गृहस्थांनी पिन, खेळ, संगत यांतले काही विचारले नाही. ते म्हणाले, "कार्ड बघितलं का कोणी?"

कोणीच बघितले नव्हते. वडिलांना फोन केला. कार्ड घरातच होते, त्याच बँकेचे आणि त्याच रंगाचे. त्यावर नाव एका परक्या पुरुषाचे होते. महिनाभर ते कार्ड देवघराशेजारच्या डब्यात होते, तिघांच्या हातून गेले होते आणि ते नाव कोणीच वाचले नव्हते.

मग मुलाने सांगितले. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला पैसे मिळाले होते, कार्डही बाहेर आले होते. मागे उभा असलेला नीटनेटक्या कपड्यांतला माणूस म्हणाला, "बेटा, पर्ची नहीं निकली, कार्ड दोबारा लगाना पड़ेगा, नहीं तो पैसा दो बार कट जाएगा. लाओ, मैं कर देता हूँ." मुलाने कार्ड दिले. त्या माणसाने ते यंत्रात घातल्यासारखे केले, दोन बटणे दाबली, कार्ड परत दिले आणि पाठ थोपटून "शाबाश" म्हणाला. पिन त्याने मागे उभे राहून आधीच पाहून ठेवला असणार. कार्ड कोणाच्या हातात देऊ नकोस असे आजींनी बजावले होते आणि ते आपण दिले, ही गोष्ट मुलाला चोरीच्या आळापेक्षा मोठी वाटत होती. म्हणून तो गप्प राहिला.

पैसे परत मिळालेले नाहीत. पोलिसांत तक्रार झाली, बँकेतही झाली. पिन खातेदाराने दुसऱ्याला सांगितला होता, असे उत्तर बँकेकडून आले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार खातेदाराने पिनसारखी गुप्त गोष्ट दुसऱ्याला सांगितल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा खातेदाराचा असतो. कळवल्यानंतर पुढे जो जाईल तो बँकेचा. इथे महिनाभर कोणालाच काही कळले नाही, कारण पैसे निघाल्याचा संदेश आजोबांच्या जुन्या मोबाईल क्रमांकावर जात होता आणि तो क्रमांक त्यांच्यामागे बंद झाला होता. खाते आजींच्या नावावर झाले तेव्हा क्रमांक बदलायचा राहून गेला. ही गोष्ट आपापल्या घरी आजच तपासून पाहावी अशी सर्व पालकांना विनंती आहे.

दहाव्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. आजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही सांगितलं म्हणून तो गेला, हे खरंच. पण माझे गुडघे चांगले असते तरी मी त्या माणसाला कार्ड दिलंच असतं. किती आदबीनं बोलत होता म्हणे." पुढे जे काही केले त्याचे मूळ या वाक्यात आहे.

कार्यानुभवाच्या तासाला आठवीच्या मुलांनी फ्रिजच्या खोक्याचे एटीएम केले. समोर खिडकी, कार्डाची फट, नोटा येण्याची फट आणि पुठ्ठ्यावर रंगवलेले बटणांचे आकडे. आत बसायला तिसरीतली एक चिमुरडी तयार झाली. हे पाहून पहिलीतल्या मुलांची खात्रीच पटली की खऱ्या एटीएममध्येही कोणीतरी बसलेले असते. दुसरीतल्या एकाने विचारले, "यंत्र नोटा छापतं का?" त्याच्या बाईंनी छान सांगितले, की नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आपल्या शेजारी देवासला आहे, दुसरा नाशिकला आहे, कर्नाटकात म्हैसूरला आणि बंगालमध्ये सालबोनीला आहे. एटीएमच्या आत नुसत्या पेट्या असतात.

या पेट्यांचे काम मुलांना फार आवडले. प्रत्येक पेटीत एकाच किमतीच्या नोटा भरतात. आपण ७०० मागितले की यंत्र पाचशेच्या पेटीतून एक आणि शंभरच्या पेटीतून दोन ओढून घेते. दोन नोटा चिकटून आल्या तर जाडीवरून ओळखून बाजूच्या डब्यात टाकते. पण नुसते पैसे देणारे साधे यंत्र नोट वाचत नाही. ती कोणत्या पेटीतून आली एवढेच ते जाणते. भरणाऱ्याने शंभरच्या पेटीत चुकून पाचशेच्या नोटा भरल्या तर यंत्र निमूटपणे पाचशेच देत राहील. "मग ते पैसे परत द्यायचे का?" असा प्रश्न सातवीतून आला आणि त्यावर अर्धा तास वाद झाला. द्यायचेच, हे सांगायची पाळी आमच्यावर आली नाही, मुलींनीच सांगितले. (मुलांमध्ये मतभेद होते.)

यंत्रात पाचशेच्याच नोटा असतात आणि रिक्षावाल्याकडे सुटे नसतात, ही तक्रार सर्व थोरामोठ्यांची आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितले की सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत ७५ टक्के आणि मार्च २०२६ अखेरपर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एका पेटीतून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. आपल्या रस्त्यावरच्या यंत्रात काय मिळते ते पाहून येण्याचा गृहपाठ आम्ही दिला आहे.

कार्ड एका बँकेचे आणि यंत्र दुसऱ्या बँकेचे असेल तर पैसे कसे मिळतात हे समजावण्यासाठी सभागृहात खेळ घेतला. एक मुलगा यंत्र, एक मुलगी यंत्राची बँक, एक जण मधला स्विच, एक जण खातेदाराची बँक. पिन लिहिलेले पाकीट चिकटवून बंद करायचे, मधल्यांनी ते फोडायचे नाही, नुसते पुढे द्यायचे. शेवटी बसलेल्या बँकेने पाकीट उघडून पिन आणि शिल्लक पाहायची आणि 'हो' किंवा 'नाही' एवढीच चिठ्ठी उलट पाठवायची. देशभरच्या बँकांना जोडणारा असा खरा स्विच हैदराबादच्या एका संस्थेने २००४ मध्ये सुरू केला आणि २००९ पासून तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. सभागृहात या सगळ्याला चार मिनिटे लागत होती, यंत्राला काही सेकंदच लागतात.

तिसऱ्या फेरीत एक मुलगा धावताना पाय अडकून पडला आणि 'हो'ची चिठ्ठी बाकाखाली गेली. शेवटच्या बँकेने वहीत ५०० वजा करून टाकले होते, इकडे यंत्र उत्तराची वाट पाहून 'क्षमा करें' म्हणून मोकळे झाले. सगळे हसले आणि हे खरोखरही होते हे मुलांच्या ध्यानात आले. असे झाले तर घाबरून दुसऱ्यांदा पैसे काढू नयेत. पावती किंवा संदेश जपून ठेवावा आणि आपल्याच बँकेत तक्रार करावी. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे खात्यात परत आलेच पाहिजेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने खातेदाराला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. हा नियम माहीत नसल्याने आमच्याच शिक्षकवर्गातल्या एकांनी तीन आठवडे नुसती वाट पाहिली होती.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. आपल्या बँकेच्या यंत्रावर महिन्यातून पाच वेळा आणि दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर पाच वेळा (मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांत तीन वेळा) शुल्क लागत नाही. त्यापुढे बँक १ मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर घेऊ शकते. नुसती शिल्लक पाहिली तरी ती एक वेळ मोजली जाते. दोन-दोन दिवसांनी 'पेन्शन आली का' पाहायला जाणाऱ्या आजोबांना हे सांगून ठेवावे.

गणिताच्या सरांनी पिनचा धडा घेतला. पैसे देणारे यंत्र लंडनजवळ एन्फील्ड येथे २७ जून १९६७ रोजी सुरू झाले. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. ते सांगत की पिन आपण सहा आकडी ठेवणार होतो, पण पत्नी म्हणाली मला चारच लक्षात राहतात, म्हणून चार झाले. कार्ड आणि पिनच्या पद्धतीचे पेटंट मात्र जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याने १९६६ मध्येच घेतले होते, तेव्हा श्रेय कोणाचे यावर वाद आहे. आपल्याकडचे पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत बसले. ० ते ९ आकड्यांपासून चार आकडी पिन १०,००० होतात. तीन चुकांनंतर यंत्र थांबते, म्हणजे आंधळेपणाने प्रयत्न करणाऱ्या चोराला दहा हजारांत तीनच संधी. मग सरांनी विचारले, "पिन वाढदिवसाची तारीख आणि महिना असेल तर?" मुलांनी हिशेब केला, ३६६. "आणि वाढदिवस चोराला माहीत असेल तर?" वर्गात शांतता. एका मुलीने दुसऱ्या दिवशी सांगितले, "सर, बाबांनी रात्रीच पिन बदलला."

पिन उलटा दाबला की पोलीस येतात असा संदेश मोबाईलवर फिरत असतो. हे अजिबात खरे नाही. १२२१ उलटा दाबून दाखवा, असे सहावीतल्या मुलाने म्हटल्यावर तो विषय संपला.

खरा धडा मात्र शेवटचा होता. पुठ्ठ्याच्या यंत्रासमोर एकेकाला पाठवायचे आणि मागे एक 'परका माणूस' उभा करायचा. परका कोण होणार विचारल्यावर त्या मुलाने हात वर केला. आम्ही नको म्हणणार होतो, पण त्याचे वर्गशिक्षक म्हणाले, करू द्या. त्याला ते बोलणे शब्दन् शब्द पाठ होते. स्वर तसाच, हसणेही तसेच. पहिल्या दिवशी चौदा मुले आली आणि त्यांतल्या अकरांनी त्याच्या हातात कार्ड दिले. हा आपला वर्गमित्र आहे आणि हा खेळ आहे, हे ठाऊक असूनही.

का दिलेस, असे आम्ही प्रत्येकाला विचारले. उत्तरे जवळजवळ सारखीच होती. "ते मदत करत होते." "नाही म्हटलं तर वाईट दिसलं असतं." "मोठ्यांना उलट बोलायचं नाही ना?"

ही शिकवण आमचीच आहे. मोठ्यांपुढे मान तुकवावी, उलट उत्तर देऊ नये, मदतीला धन्यवाद म्हणावे, हे इतक्या वर्षांत आम्ही किती वेळा सांगितले असेल. ते चुकीचे होते असे म्हणायला मन धजत नाही. पण नम्रपणे नाही कसे म्हणायचे, हे आम्ही कधी एका तासापुरतेही शिकवले नव्हते. आता शिकवतो. बाहेर परका माणूस हिंदीतच बोलणार, म्हणून हिंदीतच म्हणायचे, "अंकल, रहने दीजिए, मैं कर लूँगा." एकदा मवाळ, दुसऱ्यांदा मोठ्याने. तिसऱ्यांदा बोलायचे नाही, 'रद्द' दाबून कार्ड घेऊन बाहेर पडायचे. सुरुवातीला मुलींचे आवाज निघत नव्हते. आठवडाभराने कार्यालयात बसून ऐकू येऊ लागले, तेव्हा शेजारच्या दुकानदाराने काय झाले म्हणून विचारायला माणूस पाठवला.

जूनमध्ये दिलेला सल्ला आम्ही मागे घेतला, निम्मा. आजी-आजोबांना मदत करायचीच, पण त्यांच्याऐवजी जायचे नाही, बरोबर जायचे. कार्ड आणि पिन ज्याचे त्यानेच सांभाळायचे. नातवंडाने पडद्यावरचे वाचून मराठीत सांगायचे आणि आकडे दाबायच्या वेळी पाठ फिरवून दाराकडे तोंड करून उभे राहायचे. आजी-आजोबांना घराबाहेर पडणे जमतच नसेल तर काय, हा प्रश्न एका पालकांनी विचारला आणि तो रास्त आहे. अशा घरांत पिन नातवंडालाच ठाऊक असतो हे आम्हालाही दिसते. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच रोख देण्याची सोय बँकांनी करावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले आहे. आपल्या शाखेत तिची चौकशी करावी. कोणाला ती मिळाली, कोणाला नाही, ते आम्हाला कळवावे.

दुसऱ्या एका पालकांचे म्हणणे, मुलांना या भानगडीत पाडूच नका. ते आम्हाला पटत नाही. २०२५ च्या नियमांप्रमाणे दहा वर्षांपुढची मुले स्वतःच्या नावे बचत खाते उघडून स्वतः चालवू शकतात. त्यांना एटीएम कार्ड द्यायचे की नाही हे बँक ठरवते. म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हाती खरे कार्ड येऊ शकते. पुठ्ठ्याचे त्याआधी आलेले बरे.

डिसेंबरमध्ये आजी शाळेत आल्या, काठी टेकत. पुठ्ठ्याच्या यंत्राचा पडदा म्हणजे मुलांनी लिहिलेल्या पाट्याच, एक काढली की मागची दिसते. मराठीत लिहाव्यात असे काही मुलांचे म्हणणे होते, पण रस्त्यावरचे यंत्र तसे बोलणार नाही म्हणून पाट्या हिंदीतच ठेवल्या. "राशि दर्ज करें" ही पाटी आल्यावर आजी थांबल्या. नातू बाजूला दाराकडे तोंड करून उभा होता. तो तसाच म्हणाला, "किती पाहिजेत ते विचारतंय, आजी." आजींनी पाच दाबले, मग एक शून्य, दोन शून्ये, तीन शून्ये. आतून तिसरीतल्या चिमुरडीने कागदी नोटा बाहेर सारल्या आणि हळूच विचारले, "आजी, पर्ची हवी का?"

हे यंत्र सध्या कलाकक्षात ठेवलेले आहे. दर शनिवारी मधल्या सुट्टीनंतर आठवीची मुले ते चालवतात आणि शब्दांचे मराठी अर्थ लिहिलेला कागदही देतात. ज्या आजी-आजोबांना सराव करायचा असेल त्यांनी अवश्य यावे. खरे कार्ड घरीच ठेवून यावे, चष्मा मात्र आणावा.